शिशाची गोळी आणि आपल्याकडचा वारा

गेल्या दोन महिन्यांत एकच प्रश्न आमच्याकडे तीन घरांतून आला. साताऱ्याच्या एका अम्मींनी विचारले, "सर, मुलगा म्हणतो एअरगनचे छर्रे वाऱ्यात वाहून जातात, स्लग मागवून द्या. द्यावेत का?" मिरजेच्या एका मामूंनी अकरावीतल्या भाच्यासाठी जवळपास तेच विचारले. तिसरे घर सांगलीचे. तिथे या गोष्टीवरून बाप-लेकांत अबोला धरला गेला आहे. मुलाने दोन वर्षांची ईदी साठवून ठेवली आहे आणि अब्बांचे म्हणणे असे की बंदूक ती बंदूक, छर्रा काय आणि स्लग काय. एवढे कुतूहल असेल तर महिन्याचे पान त्यालाच देऊ, असे आम्ही ठरवले.

छर्रा आणि स्लग यांत फरक काय, ते आधी पाहू. नेहमीचा छर्रा कमरेशी बारीक आणि मागून पोकळ असतो. बॅडमिंटनच्या फुलासारखा. फूल उलटे मारले तरी ते वळून बूच पुढे करते, कारण मागची पिसे हवेला अडतात. छर्ऱ्याची शेपटीही तशीच हवेला अडते आणि त्याला सरळ ठेवते. त्याची किंमत वेगाने मोजावी लागते. स्लग म्हणजे भरीव शिशाची लांबट गोळी. तिला शेपटीचा आधार नाही. तिला सरळ ठेवते ती फक्त नळीतल्या आट्यांनी दिलेली गिरकी, भोवरा फिरतो तोवर उभा राहतो तशी. म्हणून स्लग हवेला कमी अडतो, वेग जास्त टिकवतो आणि वाऱ्यात कमी ढळतो. इथपर्यंत मुलांचे म्हणणे खरे आहे.

किती कमी ढळतो, हे मात्र वहीत मांडून पाहावे. गोळी हवेत जितका वेळ असते तितका वेळ वारा तिला ढकलतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची आहे. हवेचा अडथळा नसता तर गोळी जितक्या वेळात पोहोचली असती त्यापेक्षा तिला प्रत्यक्षात जितका उशीर होतो, तो उशीर गुणिले आडव्या वाऱ्याचा वेग म्हणजे गोळीचे ढळणे. हिशोबासाठी धरू की छर्रा सेकंदाला 240 मीटर वेगाने निघाला. 50 मीटर अंतर त्याच वेगाने कापायला 0.21 सेकंद लागतील. वाटेत वेग घटल्यामुळे समजा 0.24 लागले. उशीर 0.03 सेकंदाचा. वारा सेकंदाला 4 मीटर, म्हणजे ताशी साडेचौदा किलोमीटरच्या आसपास. 0.03 गुणिले 4 म्हणजे 0.12 मीटर. छर्रा 12 सेंटिमीटर बाजूला पडला. त्याच ताकदीच्या बंदुकीतून जड स्लग मारला तर तो निघतानाच जरा सावकाश, 220 च्या आसपास निघेल, पण वाटेत कमी मंदावेल. असा हिशोब 7 सेंटिमीटरच्या जवळ येतो.

म्हणजे 12 चे 7 झाले, शून्य झाले नाही. वारा क्षणभर निम्म्यावर आला आणि नेमबाजाच्या ते लक्षात आले नाही, तर छर्रा 6 सेंटिमीटर चुकेल आणि स्लग साडेतीन. ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलच्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. साडेतीन सेंटिमीटर म्हणजे त्या वर्तुळाच्या व्यासाच्या तिपटीहून जास्त. स्लगने अर्धे काम केले. उरलेले अर्धे डोळ्याने करायचे असते आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नाही.

हे डोळ्याचे काम आपल्या भागातल्या मुलांना परके नाही. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात फुगे फोडायच्या बंदुका असतात. त्यांची माशी वाकडी असते हे लहान मुलालाही ठाऊक असते. जाणते चाचा पहिला छर्रा वाया घालवतात, तो कुठे लागला ते पाहतात आणि मग तेवढेच उलट बाजूला धरून पुढचे फुगे उडवतात. वाऱ्यातली नेमबाजी याहून फार निराळी नाही. फरक इतकाच की माशीचा वाकडेपणा दिवसभर तोच राहतो आणि वारा दर मिनिटाला बदलतो.

आणि वारा म्हणाल तर तो आपल्याकडे चिकार. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर आणि पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याला पवनचक्क्यांच्या रांगा उगाच उभ्या राहिल्या नाहीत. सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळकडे ढालगावच्या परिसरातही त्या दिसतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेकडचा वारा जोरात असतो. थंडीत पहाट बहुतेक शांत असते, ऊन तापले की हवा हलू लागते आणि दुपारी झुळका उलटसुलट येतात. म्हणून नवशिक्याने फजरनंतर सूर्य वर येताच सराव सुरू करावा आणि बंदुकीची स्वतःची चूक किती हे त्या शांत वेळेत ठरवून घ्यावे. वाऱ्याचा सराव नंतर, उन्हे चढल्यावर. दोन्ही एकदमच करायला गेले की चूक कोणाची, हे कधीच कळत नाही.

वाऱ्याचा वेग ओळखायला यंत्र मिळते, पण त्यावाचून अडत नाही. चेहऱ्याला वारा लागतो आणि पाने नुसती सळसळतात तेव्हा तो सेकंदाला साधारण 2 ते 3 मीटर असतो. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या, हलका झेंडा ताणला गेला, की 4 ते 5. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले की साडेपाचच्या पुढे. तेव्हा नवशिक्याने बंदूक पिशवीत घालावी. उसाचे तुरे, गुऱ्हाळाचा धूर, वाळत घातलेली ओढणी, सगळे काही ना काही सांगत असते. 50 मीटरच्या स्पर्धांत मैदानावर 10 आणि 30 मीटरवर सुती कापडाच्या अरुंद पट्ट्या वाऱ्याच्या निशाण्या म्हणून लावतात. घरातल्या जुन्या सुती ओढणीच्या, दोन बोटे रुंद आणि हातभर लांब, अशा पट्ट्या काठीला बांधल्या की काम होते. 10 मीटरची पट्टी जास्त महत्त्वाची. वाऱ्याने गोळीची वाट सुरुवातीलाच वळवली तर तो तिरपेपणा निशाणापर्यंत वाढत जातो. निशाणाजवळच्या वाऱ्याला ढकलायला अंतरच उरत नाही. आमचा अनुभव असा की मुले नेमकी उलटी, निशाणाजवळच्या झाडाकडेच पाहत बसतात.

दिशा घड्याळाने सांगतात. निशाण म्हणजे बारा वाजले, आपण मधोमध. तीन किंवा नऊ वाजताच्या दिशेने येणारा वारा पुरता आडवा, त्याचा पूर्ण हिशोब धरायचा. बारा किंवा सहाचा वारा बाजूला जवळजवळ ढकलत नाही. मधल्या दिशांसाठी दहावीच्या गणितातला साइनचा तक्ता काढा. एक वाजताचा वारा 30 अंशांचा, साइन 0.5, म्हणजे 12 चे 6 सेंटिमीटर. दोन वाजताचा 60 अंशांचा, साइन 0.87, म्हणजे 12 चे जवळजवळ साडेदहा. अंदाजाने धरणारी मुले दोनच्या वाऱ्याला 8 धरतात आणि चुकतात. त्रिकोणमिती कुठे उपयोगाला येते असे वर्गात दर वर्षी कोणी तरी विचारतेच. त्याला हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

अंतर दुप्पट झाले की ढळणे साधारण चौपट होते. 25 मीटरवर 3 सेंटिमीटर, 50 वर 12, आणि 100 मीटरवर अर्ध्या मीटरच्या आसपास. "आम्हाला एकदम 100 मीटरवर मारायचे आहे" म्हणणाऱ्या मुलांना हा आकडा दाखवावा. आणखी एक गंमत आहे, ती माहीत नसली की मुले बावरतात. उजव्या गिरकीच्या नळीतून मारताना उजवीकडून वारा आला तर गोळी डावीकडे जातेच, शिवाय थोडी वरही चढते. डावीकडून आला तर उजवीकडे आणि थोडी खाली. दोष हाताचा नाही, तो गिरकीचा गुण आहे.

सरावाची रीत सांगतो. आधी 10 मीटरवर, मग 25 वर, आणि पाचही गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जाऊ लागल्या की 50 वर. पाच गोळ्यांचा एक गट. गट पुरा होईपर्यंत दुर्बिणीचा स्क्रू फिरवायचा नाही. पहिली गोळी डावीकडे गेली म्हणून दोन खटके उजवीकडे, दुसरी उजवीकडे गेली म्हणून पुन्हा डावीकडे, असे करणारा मुलगा दिवसभर स्वतःच्याच मागे धावतो. वहीत पाच रकाने आखावेत: वेळ, वारा घड्याळाच्या कोणत्या काट्यावरून, पट्टी किती ताणली होती, कुठे धरले, कुठे लागले. चाप ओढण्याआधी पहिले चार भरायचे आणि पाचवा नंतर. आधी लिहिले की अंदाज किती खरा होता ते कळते. नंतर लिहिले तर माणूस स्वतःला सोयीचे तेच लिहितो.

वाऱ्याशी झुंजण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे वारा बदलेल तसे धरण्याची जागा बदलत राहणे. दुसरी, एकच वारा निवडायचा, पट्टी तशीच तितकीच ताणली गेली की मारायचे, नाहीतर बंदूक खाली घेऊन थांबायचे. नवशिक्याला आम्ही दुसरीच सुचवू. त्यात गोळ्या कमी खर्च होतात आणि सब्राची सवय लागते. एक खूणही लक्षात ठेवावी: गोळ्या आडव्या पसरल्या तर बहुधा वारा, उभ्या पसरल्या तर बहुधा बंदूक. स्लगसाठी लागणारी बंदूक बहुतेक वेळा हवा भरून ठेवायची असते. टाकीतला दाब उतरत गेला की गोळीचा वेग बदलतो आणि ती वर-खाली पडू लागते. त्याला वारा जबाबदार नसतो.

हवा भरण्यावरून मिरजेकरांना एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. दवाखान्यांच्या या गावात ऑक्सिजनचे सिलिंडर कोणाच्या ना कोणाच्या ओळखीने मिळतात. एअरगनमध्ये ऑक्सिजन कधीही, थोडासाही भरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि बंदुकीतले तेल-ग्रीस एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. कोरडी साधी हवाच भरायची, हातपंपाने किंवा त्यासाठीच्या टाकीतून.

आता कायदा. भारतात 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरपर्यंत, ज्याला 0.177 म्हणतात, आणि ताकद 20 ज्यूलपर्यंत असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. दोहोंपैकी एक जरी ओलांडले तरी परवाना लागतो. परदेशातल्या व्हिडिओत 100 मीटरवर स्लग मारणारे लोक बहुधा याहून मोठ्या नळीच्या आणि कितीतरी जास्त ताकदीच्या बंदुका वापरतात. त्यांचे पाहून ताकद वाढवून देणारा कारागीर शोधू नये. तसे केले की शौकाची बंदूक बेकायदा शस्त्र होते आणि पोलीस स्टेशनात अब्बांना बसावे लागते. पावती जपून ठेवावी. सणावाराच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्रे बाळगून फिरण्यावर मनाईचे आदेश निघतात. त्या दिवसांत बंदूक घराबाहेर काढूच नये. एरवीही ती बंद पिशवीतून, रिकामी न्यावी. आपल्या मुलाच्या खांद्यावर बंदुकीच्या आकाराचे काही दिसले तर पाहणारे काय विचार करतील, हे वेगळे सांगायला नको.

मारायचे कुठे, हा सर्वांत अवघड प्रश्न. वारा भरपूर म्हणून पठारावर जाऊ, असे मुलांना वाटते. कास पठार 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथे फुले पाहायला माणसे येतात. त्या अंगाच्या डोंगरांत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची हद्द आहे. सांगलीकडे सागरेश्वरला हरणांचे अभयारण्य आहे. अशा ठिकाणी बंदूक नेणे हाच गुन्हा ठरू शकतो. शिवाय पठारावर जांभ्याचा कातळ. कातळाला, दगडाला, पाण्याला लागलेली गोळी उसळून कुठल्याही दिशेला जाते. आणि इथे स्लगचा गुण हाच त्याचा दोष होतो. छर्रा चुकला तर काही अंतरावर त्याचा दम संपतो. वेग टिकवणारा स्लग चुकला तर तो बराच पुढे, उसात खुरपणाऱ्या बाईपर्यंत किंवा गुराख्यापर्यंत जाऊ शकतो. म्हणून निशाणामागे डोक्याच्या वर जाणारा, दगड नसलेला मऊ मातीचा बांध हवा, बाजूने वाट नको आणि सोबत एक मोठे माणूस हवे. शेत स्वतःचे असले तरीही. असा बांध नसेल तर स्लग नको, आमचे उत्तर इथेच संपते.

पाखरांविषयीही सांगितले पाहिजे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाखरे मारायला बंदी आहे, आणि कायद्याच्या कितीतरी आधी सहीह मुस्लिममधल्या हदीसने जिवंत प्राण्याला निशाण बनवायला मनाई केली आहे. तीर चालवायला शिकण्याची तारीफही त्याच ग्रंथात आहे. मुलांना दोन्ही एकत्रच सांगावे.

शिशाचाही विचार अम्मींनी करायचा आहे. छर्रे, स्लग तोंडात धरू नयेत. पुष्कळ मुले ते ओठांत धरून एकेक भरतात. सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात नाही, कपडे वेगळे धुवायचे, आणि गोळ्यांचा डबा लहान भावंडांच्या हाती लागणार नाही अशा उंच जागी ठेवायचा. लहान मुलांच्या मेंदूला शिसे फार थोड्या प्रमाणातही वाईट.

हा शौक कुठपर्यंत नेता येतो, हेही घरच्यांनी विचारलेच होते. ऑलिंपिकमध्ये एअर रायफल फक्त 10 मीटरवर असते, बंद दालनात, वारा नाही, स्लग नाही. तिथल्या निशाणावर दहाचे वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचे, म्हणजे पेनाने दिलेल्या टिंबाएवढे. एअरगनने मोकळ्या हवेत 50 मीटरच्या आसपास मारायचा फील्ड टार्गेट हा खेळ ब्रिटनमध्ये सुरू झाला. तिथे 12 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 16 ज्यूल ताकदीत तो खेळतात. आपल्या 20 ज्यूलच्या मर्यादेहूनही कमी. एवढ्या ताकदीवर माणसे वाऱ्यात अचूक मारतात, याचा अर्थ आपल्या मुलांना जास्त ताकदीची नाही, जास्त वह्यांची गरज आहे.

वाऱ्यात मारणारी माणसे आपल्या शेजारीच घडली आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर रायफल प्रोनचे जगज्जेतेपद मिळवले, 600 पैकी 597 गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक घेतले. साताऱ्याची अदिती स्वामी तर शिक्षकाच्या घरातली. तिने ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला, वयाच्या 17 व्या वर्षी, कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेतेपद पटकावले, अंतिम फेरीत 150 पैकी 149 गुण करून. तिचेही अंतर 50 मीटरच, आणि बाण गोळीपेक्षा कितीतरी सावकाश जातो, त्याला वारा जास्त छळतो. बाणाला स्लग नसतो. वारा वाचण्याची विद्या हीच, हत्यार फक्त वेगळे. ज्या घरात बंदुकीचे नावच नको असेल त्यांनी साताऱ्यातल्या तिरंदाजीचा विचार जरूर करावा. आम्हाला विचाराल तर मुलींसाठीही तो फार चांगला रस्ता आहे.

आता तीन घरांना तीन उत्तरे. साताऱ्याच्या अम्मींनी स्लग आत्ता देऊ नयेत. मुलाची बंदूक साधी स्प्रिंगची आहे असे त्या सांगतात, तिच्या नळीला छर्रेच मानवतात. चांगल्या जड छर्ऱ्यांचे दोन वेगळे डबे द्यावेत, कोणता पाचचा गट घट्ट करतो ते मुलानेच वहीत दाखवावे.

मिरजेच्या मामूंनी भाच्याला आधी कोल्हापूरला न्यावे, तिथे रेंजवर एक सकाळ बसून पाहू द्यावे आणि प्रशिक्षकांशी बोलावे. बंदुकीआधी दोन महिन्यांची शिकवणी लावली तर पैसे वाया जाणार नाहीत.

सांगलीच्या भाऊंना एवढेच म्हणायचे आहे की मुलाची बंदूक 0.177 ची आणि परवानामुक्त ताकदीची आहे, शेताच्या कडेला ओढ्याचा उंच मातीचा काठ आहे, असे त्यानेच आम्हाला लिहून कळवले आहे. तो काठ भाऊंनी स्वतः चालून पाहावा. मागे वाट नसेल, दगड नसतील, तर त्याच्या ईदीतून स्लगचा एक लहान डबा येऊ द्यावा. नळीला तो मानवतो का ते आधी 25 मीटरवर पाहावे. कागदावरचे भोक गोल न पडता लांबट पडले तर स्लग तिरका उडतो आहे, मग तो डबा बंद. गोल पडले तर 50 वर जावे, आणि 10 मीटरच्या पट्टीशेजारी बसून वही भरायचे काम भाऊंनी स्वतः घ्यावे. मारणाऱ्याला मान न वळवता वारा सांगणारे कोणी तरी लागतेच.